फळीचा टक्का नको, लाकडाचा टक्का बघा

लाकडाचं पीठ आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, म्हणजे डब्ल्यूपीसी फळीच्या माहितीपत्रकात ‘पाणी शोषण १ टक्क्याहून कमी’ असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते खोटं नसतं. २४ तास बुडवलेला तुकडा खरंच तेवढंच पाणी पितो. पण फळी २४ तासांसाठी बसवत नाहीत. तोच तुकडा महिनोन्‌महिने पाण्यात ठेवला तर वजन वाढतच जातं, आणि लाकूड जास्त, कपलिंग (लाकूड आणि प्लास्टिक यांच्यातला बंध) कच्चं अशा मालात ते १० टक्क्यांच्याही पुढे जातं.

दुसरी फसगत त्या टक्क्यातच आहे. तो सगळ्या फळीचा टक्का असतो. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणजे जे शिरलं ते लाकडात शिरलं. एक हिशेब करून बघा. २४ मिमी जाडीची भरीव फळी, त्यात ५५ टक्के लाकूड, आणि वजन सरासरी ३ टक्के वाढलंय. पाणी गाभ्यापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, त्यामुळे सध्या ते वरच्या आणि खालच्या ३-३ मिमीच्या थरातच आहे असं धरू. हे दोन थर मिळून जाडीचा चौथा हिस्सा. म्हणजे थरातला ओलावा १२ टक्के. तो सगळा लाकडात आहे, म्हणून १२ भागिले ०.५५, म्हणजे जवळपास २२ टक्के. लाकूड २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजण्याची भीती नसते, २५ ते ३० टक्क्यांना बुरशीचं राज्य सुरू होतं. कागदावर निरुपद्रवी दिसणारा ३ टक्क्यांचा आकडा फळीच्या पृष्ठभागाला असा उंबरठ्यावर आणून ठेवतो.

म्हणून पुढचं सगळं लिहिताना नजर लाकडाच्या ओलाव्यावर आहे, फळीच्या नाही.

पाणी कोणत्या वाटेनं जातं

लाकडातल्या सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाण्याच्या रेणूला धरून ठेवतात. सगळ्यात हावरं हेमिसेल्युलोज, सगळ्यात कमी लिग्निन. प्रत्येक कण प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळला गेला तर हे गट असून नसल्यासारखे. पण कण एकमेकांना टेकले की एकातून दुसऱ्यात अशी साखळी तयार होते, आणि पाणी त्या साखळीनं आत चालत जातं. शिवाय कण आणि प्लास्टिक यांच्यातली फट, आणि वाफेनं किंवा हवेनं पडलेली पोकळी, या आणखी दोन वाटा.

साखळी कधी लागते हे वजनाच्या टक्क्यांवरून कळत नाही, आकारमानावरून कळतं. डायमधून, म्हणजे मालाला आकार देणाऱ्या साच्यातून, दाबून निघालेल्या लाकडाची घनता साधारण १.४ धरा, एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनची, ०.९५. वजनानं ४० टक्के लाकूड म्हणजे आकारमानानं साधारण ३१ टक्के, ५५ म्हणजे ४५, आणि ६५ म्हणजे ५६ टक्के. ६५ टक्क्यांना प्लास्टिक अल्पमतात जातं, कणांभोवती पूर्ण आवरण उरतच नाही. लाकूड स्वस्त म्हणून ५५ वरून ६५ वर जायचा मोह होतो, पण ओलाव्याच्या बाजूनं ही उडी १० टक्क्यांची नसते. शोषण त्याहून कितीतरी जास्त वेगानं वाढतं. उघड्यावर, विशेषतः पावसात राहणाऱ्या मालासाठी ५५ ही मर्यादा पाळलेली बरी.

कणांचा आकारही यात येतो. मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा नंबर: ४० मेश म्हणजे ४२५ मायक्रॉन, ६० मेश म्हणजे २५०, ८० म्हणजे १८०. जाड कण लांबपर्यंत पूल बांधतात आणि फुगले की आजूबाजूचं प्लास्टिक मोठ्या अंतरावर तडकवतात. बारीक कण चांगले झाकले जातात, पण त्यांचं एकूण पृष्ठफळ वाढतं, त्यामुळे कपलिंग एजंट जास्त लागतो, आणि धूळ सांभाळणं कठीण होतं. ४० ते ८० मेशच्या दरम्यान रहा आणि ४० मेशच्या चाळणीवर राहणारा भाग काढून टाका. त्या थोड्याशा जाड भुशानंच बहुतेक वेळा पृष्ठभागावर फोड येतात.

वाळवणं, जिथे निम्मं काम होतं

नमुन्यादाखल १०० किलोचं मिश्रण घेऊ: लाकडाचं पीठ ५५ किलो, कमी मेल्ट फ्लोचं (वितळल्यावर कमी वाहणारं) एचडीपीई ३३.५, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिलीन, म्हणजे एमएपीई, २.५, लुब्रिकंट ३, टाल्क ४, झिंक बोरेट १, आणि रंग, अँटिऑक्सिडंट व यूव्ही स्थिरकारक मिळून १.

यातलं ५५ किलो कोरड्या पिठाचं वजन आहे. गोदामातल्या पिठात सहज ८ टक्के ओलावा असतो, तेव्हा ५५ किलो कोरडं हवं तर ५९.८ किलो तोलावं लागतं. हे विसरलं की प्रत्येक ऋतूत मिश्रण वेगळं होतं आणि दोष प्लास्टिकच्या दाण्यावर जातो.

त्या ५९.८ किलोत ४.८ किलो पाणी आहे. १८० अंशांना १ किलो पाण्याची साध्या दाबाखाली २ घनमीटरपेक्षा थोडी जास्त वाफ होते, म्हणजे इथे जवळजवळ १० घनमीटर. आपला १०० किलो माल स्वतः फक्त ०.०८३ घनमीटर जागा घेतो. ओलावा १ टक्क्यावर आणला तरी वाफ मालाच्या तेरा-चौदा पट होते. म्हणून ‘वाळवलं आहे, व्हेंटची (यंत्रातून वाफ बाहेर काढणाऱ्या तोंडाची) गरज नाही’ हे चालत नाही, आणि ‘व्हेंट आहे, वाळवायला नको’ हेही नाही. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे माल वितळवून डायमधून ढकलणाऱ्या स्क्रूच्या यंत्रात, जाताना पीठ १ टक्क्याच्या खाली हवं. थेट प्रोफाइल, म्हणजे फळीच्या आकाराचा माल, काढणार असाल आणि व्हेंट कमजोर असेल तर ०.५ टक्क्याच्या खाली.

पीठ ओव्हनमध्ये वाळवायचं असेल तर १०५ अंश, आणि ट्रेमध्ये थर २ ते २.५ सेंमीहून जाड नको. पीठ उष्णता वाहून नेत नाही, ढिगाचा वरचा थर कडकडीत आणि मधला गोळा दमट, असं हमखास होतं. नमुना नेहमी मधून घ्या. १० ग्रॅम पीठ १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवून मोजलं की पुरे, महागडं यंत्र लागत नाही. वाळलेलं पीठ उघडं ठेवलं तर दमट हवेत काही तासांतच पाणी परत ओढून घेतं. सकाळी वाळवून संध्याकाळी वापरायचं असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ड्रायर ते हॉपर अशी बंद नळी करा.

एक सावधगिरी. वाळलेलं बारीक लाकडी पीठ हवेत उडालं की ते स्फोटक असतं, आणि गरम पिठाचा ढीग आतून धुमसू शकतो. सगळ्या नळ्या आणि ड्रायरला अर्थिंग, ठिणगी पाडणारं काही जवळ नाही, आणि गरम पीठ थंड झाल्याशिवाय मोठ्या गोणीत नाही. यात कसूर नको.

एक्स्ट्रूडरमध्ये व्हॅक्यूम व्हेंट अशा जागी हवा जिथे प्लास्टिक पूर्ण वितळलं आहे आणि स्क्रू अर्धवट भरलेला आहे. आधी ठेवला तर कोरडं पीठच पंपाकडे ओढलं जातं आणि नळी तुंबते. नळी तुंबल्याचं पहिलं लक्षण गेजवर दिसेलच असं नाही. आधी प्रोफाइलची घनता उतरते. तापमानाचं पाहिलं तर एचडीपीईसाठी वितळलेला माल १६५ ते १८५ अंश, पॉलिप्रॉपिलीनसाठी १८० ते १९५. २०० ओलांडलं की लाकूड करपतं, आंबूस वास येतो आणि हेमिसेल्युलोज तुटून स्वतःच वायू सोडतं. मग कितीही कोरडं पीठ घातलेलं असो, पोकळ्या पडतात.

पोकळी मोजायला काही कापून बघावं लागत नाही. वरच्या मिश्रणाची हिशेबानं येणारी घनता साधारण १.२० आहे. प्रोफाइलचा तुकडा पाण्यात तोलून घनता काढा. १.११ आली तर १.२० मधून वजा करून १.२० नं भागा: साडेसात टक्के पोकळी. इतक्या पोकळीवर कपलिंग एजंट वाढवण्यात पैसे घालू नका, आधी वाळवण आणि व्हेंट बघा.

कपलिंग, आणि ते मारणारा स्टिअरेट

मॅलेइक अनहायड्राइडचं एक टोक लाकडाच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध करतं आणि त्याची लांब साखळी मूळ प्लास्टिकमध्ये गुंतते. त्यामुळे कणाभोवतीची फट बंद होते, आणि हायड्रॉक्सिलही काही प्रमाणात अडकून पडतात. साखळी गुंतली पाहिजे म्हणूनच जात जुळावी लागते: पॉलिथिलीनला एमएपीई, पॉलिप्रॉपिलीनला एमएपीपी, म्हणजे अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन. भंगारातल्या मिश्र दाण्यात हे गणित बिघडतं.

प्रमाण लाकडाच्या वजनावर ३ ते ५ टक्के धरा. वरच्या मिश्रणात ते साडेचार पडतं. एकूण वजनाच्या ०, १, २ आणि ३ टक्के अशा चार चाचण्या घ्या, बाकी काही बदलू नका. कुठेतरी फायदा सपाट होतो. त्यापुढे जादा एजंट मेणासारखा वागतो आणि ताकद उलट उतरू लागते. पिशवी उघडी राहिली तर अनहायड्राइड हवेतलं पाणी घेऊन आम्ल बनतं आणि त्याची लाकडाशी जोडण्याची उत्सुकता जाते. म्हणजे ओल्या पिठाचा तोटा दुहेरी. वाफ तर होतेच, शिवाय ते पाणी कपलिंग एजंटलाही खातं.

आता सर्वात जास्त दिसणारी चूक. पॉलिथिलीनच्या कामात झिंक स्टिअरेट हा सवयीचा लुब्रिकंट. तो डायमध्ये माल छान सरकवतो आणि त्याच वेळी अनहायड्राइडला धातूच्या क्षारात अडकवून कपलिंग निकामी करतो. एमएपीई घातलं, खर्च वाढला, शोषण मात्र जिथल्या तिथे, अशी तक्रार असेल तर आधी लुब्रिकंटची गोणी वाचा. बाजारातल्या तयार मिश्र लुब्रिकंटमध्ये बऱ्याचदा अमाइड मेणासोबत झिंक स्टिअरेट असतोच. धातू नसलेला, एस्टर किंवा अमाइड जातीचा लुब्रिकंट घ्या. छुपे स्टिअरेट आणखी दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे ‘कोटेड’ कॅल्शियम कार्बोनेट, ज्यावर स्टिअरिक आम्लाचा लेप असतो, आणि दुसरं म्हणजे दाण्यातच आम्ल शोषायला घातलेला कॅल्शियम स्टिअरेट. जोडस्क्रूच्या यंत्रावर शक्य असेल तर लुब्रिकंट पुढच्या फीडरमधून, कपलिंग होऊन गेल्यावर घाला.

कपलिंग झालं की नाही हे प्रयोगशाळेशिवायही कळतं. पट्टी वाकवून मोडा आणि मोडलेली कड १० पट भिंगाखाली धरा. लाकडाचे कण सुळकन निघून मागे गुळगुळीत खळगे राहिले असतील तर बंध नाही. कण मध्येच तुटलेले दिसले तर बंध आहे. हीच मोडणी दोन तास उकळलेल्या पट्टीवरही करा. कोरड्यात बरं दिसणारं पण उकळल्यावर सुटणारं कपलिंग असतं.

पीव्हीसीचं प्रकरण वेगळं. तिथे एमएपीई निरुपयोगी, अमिनोसिलेनसारखे एजंट वापरतात, आणि तेही मोजून, कारण अमाइन पीव्हीसीला पिवळं पाडतं. झिंक बोरेटही जपून, जस्त पीव्हीसीच्या विघटनाला हातभार लावतं. फोम केलेल्या पीव्हीसी बोर्डात पोकळ्या मुद्दाम आणलेल्या असतात. त्या बंद असतील तर पाणी आत जात नाही, पण पिठातला ओलावा स्वतःच फुगवण्याचं काम करू लागला की त्या फुटून एकमेकींना जोडल्या जातात.

लाकूडच बदलायचं का

अ‍ॅसिटिलेशनमध्ये अ‍ॅसेटिक अनहायड्राइड हायड्रॉक्सिलची जागा घेतं. वजन १५ ते २० टक्के वाढेपर्यंत प्रक्रिया केली तर लाकूड पाणी घेणं खूप कमी करतं. हा सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात खर्चिक मार्ग. शिवाय उरलेलं अ‍ॅसेटिक आम्ल पूर्ण काढलं नाही तर बॅरल आणि स्क्रू गंजतात. पण हायड्रॉक्सिल उडाले की एमएपीईला पकडायलाही कमी जागा उरते, हे लक्षात असू द्या.

उष्णतेनं केलेला बदल जास्त व्यवहार्य वाटतो. हवा वगळून, वाफेत, साधारण १९० ते २१५ अंशांना लाकूड ठेवलं की हेमिसेल्युलोज मोडतं. लाकूड ठिसूळ होतं, पण पीठच करायचं असेल तर ते दळायला सोपं जातं. अल्कलीनं धुण्याचे प्रयोग बरेच होतात. त्यात पीठ पूर्ण उदासीन होईपर्यंत धुतलं नाही तर उरलेलं सोडियम पुन्हा अनहायड्राइडलाच मारतं, आणि धुतलेलं पीठ वाळवण्याचा खर्च वेगळा. रोजच्या उत्पादनात याचा फायदा दिसणं कठीण.

झिंक बोरेट पाणी अडवत नाही, कुजणं अडवतो. १ ते २ टक्के पुरतो, पाण्यात फारसा विरघळत नाही आणि प्रक्रियेच्या तापमानाला टिकतो. बोरिक आम्ल स्वस्त पडतं, पण पावसानं धुऊन जातं. पृष्ठभागावरची काळी बुरशी मात्र बोरेटनं पूर्ण जात नाही, तिला पुरेसं खाद्य वरच्या धुळीतच मिळतं.

कातडी

डायमधून निघालेल्या प्रोफाइलवर प्लास्टिकचा पातळ, भरगच्च थर असतो. तीच कातडी. ‘लाकडासारखं’ दिसावं म्हणून ब्रश किंवा पॉलिशपेपर फिरवला की ती जाते आणि उघडे कण पावसाला भेटतात. घसरण कमी करायला हे करावं लागत असेल तर करा, पण शोषणाची चाचणी मग त्याच घासलेल्या तुकड्यावर घ्या. इंजेक्शनने ओतलेल्या चकतीचा आकडा नेहमी सुंदर येतो, कारण तिच्यावर सगळीकडून कातडी असते. फळीशी त्याचा संबंध कमी. डायच्या कडांवर माल फाटत असेल, करवतीच्या दात्यांसारखा, तर तीही उघडी वाट. तिथे लुब्रिकंट किंचित वाढवून, डायच्या कडेचं तापमान ५ अंशांनी वर नेऊन बघा.

को-एक्स्ट्रूजननं, म्हणजे एकाच डायमधून दोन माल एकत्र काढून, चढवलेली टोपी म्हणजे जाणूनबुजून केलेली जाड कातडी, साधारण अर्धा ते एक मिमी, लाकूड नसलेली किंवा अगदी थोडं असलेली. चांगली असते, पण तिन्ही बाजूंनी टोपी आणि खालची बाजू उघडी असेल तर पाणी खालूनच शिरतं, खालचा भाग फुगतो, वरचा फुगत नाही, आणि फळी कडा वर उचललेल्या उलट्या कमानीसारखी होते. चारही बाजूंनी टोपी नसेल तर निदान खालून हवा खेळती हवी. आणि टोपीच्या भरवशावर आतलं कपलिंग कमी करू नका. स्क्रूचं प्रत्येक छिद्र आणि कापलेलं प्रत्येक टोक टोपीतून आत जाणारं दार आहे.

खरी चाचणी

एएसटीएम डी५७० या अमेरिकी मानकातली २४ तासांची चाचणी तुलनेसाठी ठीक, निकालासाठी नाही. ईएन १५५३४ या युरोपीय मानकात २८ दिवस बुडवायला सांगितलं आहे, ते जास्त प्रामाणिक. प्रत्यक्ष प्रोफाइलमधून १० तुकडे कापा. ५० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. पाच तुकड्यांच्या कापलेल्या कडा इपॉक्सीनं बंद करा, पाच तशाच ठेवा. २३ अंशांच्या पाण्यात बुडवून १, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी पुसून तोला. करवतीच्या खाचांतलं पाणी नीट टिपलं नाही तर पहिलाच आकडा चुकतो. जाडी खूण केलेल्या त्याच ठिकाणी मायक्रोमीटरनं मोजा.

वजनवाढ आलेखावर काढताना आडव्या अक्षावर दिवस नव्हे, दिवसांचं वर्गमूळ घ्या. सुरुवातीला सरळ रेषा आली तर पाणी शांतपणे झिरपतंय. पहिल्याच दिवशी उंच उडी असेल तर पोकळ्या किंवा फाटलेला पृष्ठभाग. काही दिवसांनी रेषा वर वळली तर फुगणारे कण प्लास्टिक तडकवताहेत किंवा बंध सुटताहेत, तेव्हा कपलिंगकडे परत जा. इपॉक्सीवाल्या आणि उघड्या तुकड्यांतला फरक मोठा असेल तर फळीचा पृष्ठभाग बरा आहे, टोकं सांभाळायला हवीत.

२८ दिवसांनंतर तुकडे पुन्हा पूर्ण वाळवा. वजन मूळ वजनाहून कमी भरलं तर लाकडातलं काही पाण्यात विरघळून गेलं, म्हणजे शोषणाचा आकडा तेवढा कमी दिसला होता. जाडी मूळ जाडीवर परत आली नाही तर ती कायमची सूज. तिच्यामागे भेगा आहेत, आणि दुसऱ्या बुडवणीत पाणी पहिल्यापेक्षा लवकर शिरेल. म्हणून एकदा भिजवून थांबू नका, भिजवणं-वाळवणं निदान तीनदा करा. झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: १२ मिमीच्या तुकड्याचा निकाल २४ मिमीच्या फळीला लावायचा तर वेळ चौपट धरा.

बसवताना तीन गोष्टी. फळ्यांमध्ये ५-६ मिमी फट, खाली पाणी साचू नये इतका उतार, आणि खालून हवा जायला मोकळी जागा. कापलेल्या टोकांना मेणाच्या इमल्शनचा सीलर लावा आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागेल असं धरून चाला, पॉलिथिलीनवर कुठलाच लेप जन्मभर टिकत नाही. पोकळ फळीच्या टोकाला झाकण बसवलं तर त्याला खालच्या बाजूनं एक भोक ठेवा. बंद पोकळीत साचलेलं पाणी आतल्या भिंतीला सतत टेकून राहतं, आणि थंडीत गोठलं तर ती फळी लांबीनं उभी चिरते.